लाल प्रकाश कितीही प्रखर केला तरी धातूतून इलेक्ट्रॉन का निघत नाही?

बारावीच्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: पोटॅशियमच्या पृष्ठभागावर मंद निळा प्रकाश पडला तरी इलेक्ट्रॉन ताबडतोब बाहेर पडतात, पण लाल प्रकाश कितीही प्रखर केला आणि कितीही वेळ टाकत राहिले तरी एकही इलेक्ट्रॉन सुटत नाही. प्रखर लाल प्रकाशातून धातूला मिळणारी एकूण ऊर्जा मंद निळ्या प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त असते. मग ती ऊर्जा हळूहळू साठून इलेक्ट्रॉनच्या उपयोगी का पडत नाही?

प्रश्नाचा रोख अगदी बरोबर आहे. प्रकाश ही केवळ पसरत जाणारी लाट आहे असे मानले तर ऊर्जा साठायलाच हवी, आणि ती साठत नाही याचाच उलगडा करताना विसाव्या शतकातील भौतिकशास्त्राला नवे वळण लागले. उत्तराचा गाभा आधी सांगतो. धातूतील इलेक्ट्रॉन प्रकाशाकडून ऊर्जा एकेका कणाच्या हिशेबाने घेतो. एका कणात किती ऊर्जा आहे हे केवळ प्रकाशाच्या वारंवारतेवर (म्हणजे दर सेकंदाच्या कंपनांवर; लाल प्रकाशात ती निळ्यापेक्षा कमी असतात) ठरते आणि असे किती कण येतात हे तीव्रतेवर ठरते. इलेक्ट्रॉन सुटणार की नाही, आणि सुटला तर जास्तीत जास्त किती वेगाने, हा निर्णय वारंवारतेचा. किती इलेक्ट्रॉन सुटणार, हा निर्णय तीव्रतेचा. हे दोन हिशेब वेगळे ठेवले की या विषयातील बहुतेक गोंधळ संपतो.

लाटेच्या कल्पनेप्रमाणे काय व्हायला हवे होते, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. पोटॅशियमच्या अणूची त्रिज्या सुमारे ०.२३ नॅनोमीटर आहे आणि त्याच्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे २.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट (एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे एक व्होल्टच्या विभवांतरातून जाताना इलेक्ट्रॉनला मिळणारी ऊर्जा) ऊर्जा लागते. समजा, प्रति चौरस मीटर एक मायक्रोवॅट इतका मंद निळा प्रकाश त्यावर पडत आहे. लाटेची ऊर्जा सगळीकडे सारखी पसरलेली असते. म्हणून एका अणूने आपल्या क्षेत्रफळावर पडणारी सगळी ऊर्जा टिपली आणि त्यातील काहीही वाया जाऊ दिले नाही असे धरले, तरी २.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट जमायला तीन ते चार आठवडे लागतील. प्रत्यक्षात असा विलंब होत नाही. लॉरेन्स आणि बीम्स यांनी १९२८ मध्ये केलेल्या मोजणीत प्रकाश पडणे आणि इलेक्ट्रॉन सुटणे यांतील अंतर, असलेच तर, तीन नॅनोसेकंदांपेक्षा कमी आढळले. प्रकाश मंद केल्यावर इलेक्ट्रॉनांची संख्या घटते, पण पहिला इलेक्ट्रॉन सुटण्यासाठी ऊर्जा साठण्याची वाट पाहावी लागत नाही. माझ्या मते प्रकाशविद्युत परिणामातील (प्रकाशाने धातूतून इलेक्ट्रॉन सुटण्याला हेच नाव आहे) सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे आणि वर्गात ती फार घाईने उरकली जाते.

हा परिणाम प्रथम दिसला तो अनपेक्षितपणे. १८८७ मध्ये कार्ल्सरूह येथे हाइनरिख हर्ट्झ विद्युतचुंबकीय लहरींवर प्रयोग करत असताना त्यांना आढळले, की ग्राहक तारेच्या फटीतील ठिणगी नीट दिसावी म्हणून ती झाकली की तिची लांबी कमी होते. मधे काच धरली तर हाच परिणाम होई, पण अतिनील प्रकाश आरपार जाऊ देणारे क्वार्ट्झ धरले तर होत नसे. म्हणजे लहरी निर्माण करणाऱ्या पहिल्या ठिणगीतून येणारा अतिनील प्रकाश दुसऱ्या ठिणगीला मदत करत होता. पुढच्याच वर्षी हालवाक्स यांनी ऋणभारित जस्ताच्या पत्र्यावर अतिनील प्रकाश टाकून त्याचा भार निघून जातो हे दाखवले.

जस्ताचा हा प्रयोग आजही शाळा-महाविद्यालयात करता येतो आणि तो काळजीपूर्वक केला तर वारंवारतेचे महत्त्व डोळ्यांसमोर उभे राहते. जस्ताचा पत्रा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करावा, कारण हवेत राहिलेल्या पत्र्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि तो इलेक्ट्रॉनांना अडवतो. पत्रा सुवर्णपत्र विद्युतदर्शीच्या वरच्या टोकावर बसवून, लोकरीवर घासलेल्या एबोनाइटच्या कांडीने त्याला ऋणभार द्यावा. सोन्याचे पान उचलले जाते आणि तसेच राहते. आता साध्या बल्बचा कितीही झगझगीत प्रकाश टाकला तरी पान हलत नाही. क्वार्ट्झच्या आवरणाचा पाऱ्याचा दिवा जवळ आणला, की पान काही क्षणांत खाली येऊ लागते. मधे साधी काच सरकवली की पान जिथल्या तिथे थांबते, आणि काच काढली की पुन्हा उतरू लागते. पत्र्याला धनभार दिला असेल तर पान मुळीच उतरत नाही, कारण सुटू पाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांना धनभारित पत्रा परत ओढून घेतो.

जस्तातून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, आणि तेवढी ऊर्जा साधारण २८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या प्रकाशातच असते. पाऱ्याच्या दिव्यातील २५४ नॅनोमीटरची रेषा (४.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट) हे काम करते, आणि साधी काच नेमका हाच भाग शोषून घेते. कित्येक ठिकाणी हा प्रयोग फसतो तो याच कारणाने: दिव्याचे बाहेरचे आवरण काचेचे असते आणि उपयोगाचा प्रकाश दिव्याबाहेर येतच नाही. क्वार्ट्झचा दिवा वापरताना मात्र डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच आणि मुलांना दिव्याकडे थेट पाहू देऊ नये. या प्रकाशाने डोळ्यांना खरोखर इजा होते.

बाहेर पडणारे कण इलेक्ट्रॉनच आहेत हे जे. जे. थॉमसन यांनी १८९९ मध्ये दाखवले. १९०२ मध्ये फिलिप लेनार्ड यांनी त्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजली. त्यांची युक्ती आजही प्रत्येक प्रयोगशाळेत वापरली जाते. निर्वात नळीत प्रकाश पडणाऱ्या धातूच्या पट्टीसमोर (कॅथोड) इलेक्ट्रॉन गोळा करणारी दुसरी पट्टी, म्हणजे ॲनोड ठेवायचा आणि त्याला कॅथोडच्या तुलनेत ऋण विभव देत जायचे. बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांना आता चढण चढून जावे लागते. विभव वाढवत नेले की सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनही पोहोचू शकत नाही आणि प्रवाह शून्य होतो. त्या विभवाला स्टॉपिंग पोटेन्शियल, म्हणजे रोधक विभव म्हणतात आणि तो थेट इलेक्ट्रॉनची कमाल गतिज ऊर्जा सांगतो. लेनार्ड यांनी प्रकाशाची तीव्रता सुमारे हजार पटींच्या टप्प्यात बदलून पाहिली. प्रवाह त्या प्रमाणात बदलला, रोधक विभव मात्र जागचा हलला नाही. लाटेच्या कल्पनेत मोठी लाट इलेक्ट्रॉनला जोराने हलवणार, म्हणून तो अधिक वेगाने सुटायला हवा होता. स्वतः लेनार्ड यांनी असा अर्थ लावला, की प्रकाश ऊर्जा पुरवत नाही, अणूत आधीच असलेल्या ऊर्जेला केवळ वाट मोकळी करून देतो.

१९०५ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात काम करणाऱ्या अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी वेगळा मार्ग घेतला. तप्त वस्तूंच्या प्रारणाचा उलगडा करताना माक्स प्लांक यांनी १९०० मध्ये ऊर्जेचे ठरावीक पुंज गृहीत धरले होते. आइन्स्टाइन यांनी पुढे जाऊन म्हटले, की प्रकाशच मुळात अशा पुंजांच्या स्वरूपात वागतो, प्रत्येक पुंजाची ऊर्जा प्लांक स्थिरांक गुणिले वारंवारता इतकी असते आणि एक पुंज आपली सगळी ऊर्जा एकाच इलेक्ट्रॉनला देतो. धातूतून बाहेर पडण्यासाठी इलेक्ट्रॉनला किमान जेवढी ऊर्जा खर्चावी लागते, तिला त्या धातूचे कार्यफलन म्हणतात. मग हिशेब सरळ होतो:

कमाल गतिज ऊर्जा = (प्लांक स्थिरांक × वारंवारता) − कार्यफलन

वारंवारता दर १०० टेराहर्ट्झने (एक टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी कंपने) वाढली की पुंजाची, म्हणजे फोटॉनची ऊर्जा ०.४१ इलेक्ट्रॉनव्होल्टने वाढते. ज्या वारंवारतेला फोटॉनची ऊर्जा कार्यफलनाइतकी होते, ती त्या धातूची उंबरठा वारंवारता. तिच्या खालचा प्रकाश इलेक्ट्रॉन सोडवू शकत नाही. विहिरीचे पाणी पंचवीस हातांवर असेल आणि दोर वीस हातांचा असेल, तर तसे शंभर दोर सोडले तरी पोहरा कोरडाच वर येतो. उपाय एकच असतो, आणि तो म्हणजे दोराला दोर बांधणे. धातूच्या बाबतीत ही गाठ का बसत नाही, ते पुढे येईल.

आता पोटॅशियमचे उदाहरण पूर्ण करू. कार्यफलन २.३० इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे उंबरठा सुमारे ५५६ टेराहर्ट्झ किंवा ५३९ नॅनोमीटर. पाऱ्याच्या दिव्यातील ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील रेषेचा फोटॉन ३.४० इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो; म्हणून रोधक विभव १.१० व्होल्ट यायला हवा. ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्या रेषेसाठी ३.०६ वजा २.३०, म्हणजे ०.७६ व्होल्ट, ४३६ नॅनोमीटरच्या निळ्या रेषेसाठी ०.५५ व्होल्ट. ५४६ नॅनोमीटरच्या हिरव्या रेषेचा फोटॉन २.२७ इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो आणि अगदी थोडक्यात कमी पडतो. ६५० नॅनोमीटरच्या लाल लेसरचा फोटॉन १.९१ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, तो उंबरठ्याच्या बराच खाली आहे. ३६५ आणि ४३६ या दोन रेषांच्या वारंवारता ८२१ आणि ६८८ टेराहर्ट्झ आहेत. १३३ टेराहर्ट्झच्या फरकाला ०.५५ व्होल्टचा फरक, म्हणजे दर १०० टेराहर्ट्झला ०.४१. वारंवारता आणि रोधक विभव यांचा आलेख काढला तर सरळ रेषा येते आणि तिचा चढ सोडियम घ्या, पोटॅशियम घ्या, जस्त घ्या, तोच असतो. धातू बदलला की रेषा फक्त बाजूला सरकते. चढ धातूवर अवलंबून नाही, कारण तो प्रकाशाचा गुणधर्म आहे. प्रकाशाच्या स्वभावाविषयीचा स्थिरांक साध्या व्होल्टमीटरने मोजता यावा, ही मला आजही विलक्षण गोष्ट वाटते.

समीकरणात ‘कमाल’ हा शब्द महत्त्वाचा आहे आणि विद्यार्थी तो हमखास गाळतात. धातूतील सगळे इलेक्ट्रॉन सारख्या ऊर्जेचे नसतात. जे सर्वांत वरच्या पातळीवर आहेत त्यांनाच केवळ कार्यफलनाइतका खर्च येतो. खालच्या पातळीवरच्यांना अधिक. शिवाय आतल्या थरात सुटलेला इलेक्ट्रॉन पृष्ठभागापर्यंत येताना वाटेत धडकून ऊर्जा गमावतो. म्हणून एकाच रंगाच्या प्रकाशाने सुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा शून्यापासून कमाल मूल्यापर्यंत पसरलेल्या असतात. उंबरठा ओलांडलेला प्रत्येक फोटॉन इलेक्ट्रॉन काढतोच, असेही नाही. शुद्ध धातूवर पडणाऱ्या फोटॉनांपैकी फारच थोडे यशस्वी होतात. बाकीचे परावर्तित होतात किंवा उष्णता होऊन जातात. म्हणूनच अँटिमनी आणि सीझियम यांच्या थराचा कॅथोड वापरला जातो. त्यात निळ्या प्रकाशाच्या साधारण पाचांपैकी एका फोटॉनमागे इलेक्ट्रॉन मिळू शकतो.

परीक्षेतील एक नेहमीचा प्रश्न इथेच सोडवून टाकतो: तीव्रता तीच ठेवून वारंवारता वाढवली तर प्रवाह वाढेल का? तीव्रता म्हणजे एकक क्षेत्रफळावर दर सेकंदाला येणारी ऊर्जा. एक मिलिवॅट लाल प्रकाशात (६५० नॅनोमीटर) दर सेकंदाला सुमारे ३३ लाख अब्ज फोटॉन असतात. एक मिलिवॅट अतिनील प्रकाशात (३६५ नॅनोमीटर) सुमारे १८ लाख अब्ज. ऊर्जा तेवढीच, पण ती कमी संख्येच्या मोठ्या पुंजांत वाटलेली. त्यामुळे फोटॉनमागे मिळणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे प्रमाण तेच राहते असे धरले, तर संपृक्त प्रवाह (सुटलेले सगळे इलेक्ट्रॉन ॲनोडवर पोहोचतात तेव्हाचा प्रवाह) उलट कमी होतो. प्रत्यक्षात ते प्रमाणही वारंवारतेनुसार बदलते, म्हणून प्रयोगातील प्रवाहावरून घाईने निष्कर्ष काढू नये. रोधक विभव मात्र निश्चितपणे वाढतो.

आइन्स्टाइन यांचे समीकरण लगेच मान्य झाले नाही. रॉबर्ट मिलिकन यांनी ते कसून तपासले, तेही पुंजांच्या कल्पनेवर विश्वास नसताना. सोडियम, पोटॅशियम यांसारखे अल्कली धातू हवेच्या स्पर्शाने क्षणात खराब होतात, म्हणून त्यांनी निर्वात नळीच्या आतच चाकू बसवून, बाहेरून तो चालवून धातूचा ताजा पृष्ठभाग कापला आणि त्यावर मोजणी केली. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सरळ रेषा इतकी चोख आली, की त्यावरून मिळालेला प्लांक स्थिरांक आजच्या मूल्यापासून एक टक्क्यापेक्षाही कमी अंतरावर आहे. तरीही मिलिकन यांनी तेव्हा समीकरण मानले आणि त्यामागचे फोटॉनचे चित्र नाकारले. आइन्स्टाइन यांना १९२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते विशेषतः प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमासाठी.

महाविद्यालयात हा प्रयोग करणाऱ्यांसाठी एक गोष्ट विस्ताराने सांगायला हवी, कारण ती पाठ्यपुस्तकांत बहुधा नसते. कॅथोड आणि ॲनोड वेगवेगळ्या पदार्थांचे असतात आणि बाहेरून तारेने जोडलेले असतात. त्यांच्या कार्यफलनांतील फरकामुळे त्यांच्या पृष्ठभागांमध्ये आपोआप एक संपर्क विभवांतर तयार होते आणि ते आपण दिलेल्या विभवात मिसळते. त्याचा हिशेब मांडला तर कॅथोडचे कार्यफलन समीकरणातून निघून जाते आणि त्या जागी ॲनोडचे येते. म्हणजे व्होल्टमीटरवर दिसलेल्या रोधक विभवांची रेषा वाढवून अक्षावर जो छेद मिळतो, तो कॅथोडचे नव्हे तर ॲनोडचे कार्यफलन सांगतो. पोटॅशियमसाठी वर दिलेले आकडे हा फरक वजा केल्यानंतरचे आहेत. मात्र रेषेच्या चढावर याचा परिणाम होत नाही, म्हणून प्लांक स्थिरांक बरोबर येतो आणि कार्यफलन पुस्तकातल्याशी जुळत नाही. असे झाले तर वहीत आकडे बदलू नयेत. मोजणी बरोबर आहे, तिचा अर्थ लावताना ॲनोड विसरला गेला आहे.

दुसरी अडचण उलट्या प्रवाहाची. कॅथोडवरून विखुरलेला थोडा प्रकाश ॲनोडवर पडतो, आणि नळी जुनी होत जाते तसा कॅथोडवरचा सीझियम ॲनोडवरही जमतो. मग ॲनोडही इलेक्ट्रॉन सोडू लागतो. अशा वेळी प्रवाह शून्यावर थांबत नाही, किंचित ऋण होतो, आणि नेमका शून्याचा बिंदू हा खरा रोधक विभव राहत नाही. रंगीत काचांचे फिल्टर वापरत असाल तर प्रत्येक फिल्टर एक पट्टा सोडतो हेही ध्यानात ठेवावे. रोधक विभव त्या पट्ट्यातील सर्वांत कमी तरंगलांबीचा प्रकाश ठरवतो, फिल्टरवर छापलेली सरासरी तरंगलांबी नव्हे. शक्य असेल तिथे पाऱ्याच्या सुट्या रेषा वापराव्यात.

उंबरठा खरोखर इतका धारदार असतो का? केवळ शून्य केल्व्हिनला, म्हणजे निरपेक्ष शून्य तापमानाला. खोलीच्या तापमानाला काही इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे नेहमीच्या वरच्या पातळीच्याही थोडे वर असतात, आणि त्यांना किंचित कमी ऊर्जेचा फोटॉनही पुरतो. भौतिकशास्त्रज्ञ फाउलर यांनी १९३१ मध्ये या पुसट कडेचे गणित मांडले. पोटॅशियमवर ५४६ नॅनोमीटरच्या हिरव्या रेषेने क्षीण प्रवाह दिसला तर तो याच कारणाने; ०.०३ इलेक्ट्रॉनव्होल्टची तूट खोलीच्या उष्णतेतून भरून निघू शकते. लाल प्रकाशाची ०.३९ ची तूट त्यातून भरून निघण्याची शक्यता नगण्य आहे.

आता साठवणुकीचा मूळ प्रश्न. उंबरठ्याखालचा फोटॉन धातू शोषतच नाही असे मुळीच नाही. लाल फोटॉन शोषला जातो, इलेक्ट्रॉन १.९१ इलेक्ट्रॉनव्होल्टने वर उचलला जातो, पण बाहेर पडता येत नाही म्हणून आतच फिरतो आणि आसपासच्या इलेक्ट्रॉनांवर आदळून काही दहा फेमटोसेकंदांत ती ऊर्जा वाटून टाकतो. (फेमटोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग.) धातू थोडा तापतो, एवढेच. दुसरा लाल फोटॉन त्याच इलेक्ट्रॉनला त्या अवधीत गाठेल तरच दोन दोरांची गाठ बसेल. एक चौरस मिलिमीटरवर एक मिलिवॅटचा लाल लेसर टाकला आणि त्याचे सगळे फोटॉन पोटॅशियमच्या अगदी वरच्या थरातच शोषले गेले असे धरले, तरी एका अणूच्या वाट्याला सेकंदाला सुमारे हजार फोटॉन येतात. म्हणजे दोन फोटॉनांमध्ये सुमारे एक मिलिसेकंदाचे अंतर. ऊर्जा टिकण्याच्या काळापेक्षा हे अंतर अब्जावधी पटींनी मोठे आहे. दिवा दसपट किंवा हजारपट प्रखर केल्याने ही दरी बुजत नाही.

परंतु ‘कितीही प्रखर’ हे शब्द अक्षरशः घेतले तर उत्तर बदलते, आणि ते सांगितल्याशिवाय हे विवेचन प्रामाणिक ठरणार नाही. फेमटोसेकंद लेसरच्या स्पंदनात प्रचंड संख्येने फोटॉन इतक्या थोड्या वेळात येतात, की एकच इलेक्ट्रॉन दोन किंवा तीन फोटॉन मिळून घेऊ शकतो. तेव्हा लाल प्रकाशानेही पोटॅशियममधून इलेक्ट्रॉन निघतात, कारण दोनदा १.९१ म्हणजे ३.८२ इलेक्ट्रॉनव्होल्ट हे २.३० पेक्षा पुष्कळ जास्त आहेत. याने आइन्स्टाइन यांचा नियम मोडत नाही. समीकरणात एका फोटॉनच्या ऊर्जेऐवजी दोन फोटॉनांची ऊर्जा येते आणि तिचे मूल्य तरीही वारंवारताच ठरवते. असे दोन फोटॉनांचे उत्सर्जन ओळखण्याची खूणही सोपी आहे. एका फोटॉनच्या उत्सर्जनात तीव्रता दुप्पट केली की प्रवाह दुप्पट होतो; दोन फोटॉनांच्या उत्सर्जनात तो चौपट होतो.